बेल्ट स्किमर, आठ महिने वापरून (आणि एका मरळीची गोष्ट)

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेडचं शटर वर केलं की जो वास तोंडावर यायचा, तो ज्यानं सीएनसी (संगणकावर चालणारं, धातू कापायचं मशीन) चालवलीय त्याला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: कुजकं अंडं, आणि त्यात तेल. कूलंट म्हणजे कापताना धातू थंड ठेवणारं तेल-पाण्याचं मिश्रण. त्याच्या टाकीवर तेलाची साय धरते, खाली हवा पोचत नाही, आणि बिनहवेचे जिवाणू दीड दिवसात टाकी नासवतात. आमचा ऑपरेटर पहिली दहा मिनिटं बाहेर थांबून चहा प्यायचा. त्याला आळशी म्हणायची सोय नव्हती, कारण मीही त्याच्या शेजारीच कप घेऊन उभा असायचो.

माझी शेड कोल्हापूरच्या उद्यमनगरात. दोन टर्निंग सेंटर (जॉब फिरवून कापणारी), एक व्हीएमसी (उभ्या फिरत्या हत्यारानं कापणारं) आणि वडिलांच्या काळातलं एक लेथ, जे विकायला मन होत नाही. काम म्हणजे फौंड्रीतनं आलेली बिडाची कास्टिंगं मशीनिंग करून द्यायची. जानेवारीत बेल्ट स्किमर घेतला. किंमत 14,500, वर 18 टक्के जीएसटी, मिळून 17,110 रुपये. बनवणारा इथलाच, चार माणसांचा कारखाना आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढं त्याच्या तक्रारीही येणार आहेत आणि माणूस भला आहे.

वस्तू काय आहे ते आधी. शिलाई मशीनच्या डोक्याएवढा पेटारा, त्यात छोटी गिअरची मोटर, आणि त्यावरनं टाकीत लोंबणारा दोन इंच रुंदीचा स्टीलचा पट्टा. पट्टा संथ फिरतो, खाली कूलंटमध्ये बुडतो आणि वर येताना तेल अंगाला चिकटवून आणतो. वर दोन्ही बाजूंनी पट्टा पुसणाऱ्या पट्ट्या आहेत, त्यांना वायपर म्हणतात. पुसलेलं तेल पन्हळीतनं डब्यात. बस्स. आत काही जादू नाही. जिलेबीवाल्याच्या झाऱ्याला जेवढी अक्कल लागते तेवढीच ह्याला आहे.

आता हा घेतला का. जे कुणी विचारतं त्याला मी सांगतो, कूलंट वाचवायला. ते खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं म्हणजे ती मरळ.

मला गळ टाकायचा नाद लहानपणापासून. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येऊन पंचगंगा होते, तिथपासून खाली रुकडीपर्यंत कुठं बसायचं हे मला घरच्या खोल्यांइतकं पाठ आहे. डिसेंबरात राजाराम बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला एक मरळ लागली. दीड किलोला थोडी कमी. मरळ म्हणजे आमच्या घरात सण. बायकोनं कांदा-लसणाची चटणी घालून लालभडक रस्सा केला. आपल्या चटणीच्या रश्श्यात काहीही लपतं असा माझा समज होता.

पहिला घास तिनं खाल्ला आणि थांबली. "अहो, ह्याला तुमच्या शर्टाचा वास येतोय."

सव्वीस वर्षं माझे शेडचे शर्ट ती धुतेय. तिचा नाकाचा अंदाज चुकायचा नाही. मी आधी हुज्जत घातली, चटणी जुनी असेल म्हणालो, कढई म्हणालो. मग खाऊन बघितलं. जिभेच्या मागच्या बाजूला रॉकेलसारखी चव राहते, पाणी प्यायलं तरी जात नाही. पोरानं ताट सरकवलं. रस्सा मांजरीला घातला, मांजरीनंही विचार केला.

ते तेल माझ्याच शेडचं होतं असं कोण म्हणतंय? शहरात गॅरेजं आहेत, गाड्या धुणारी केंद्रं आहेत, नाल्याकाठी काय काय आहे. बायकोपुढं मी हेच बोललो. ती काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

दोन दिवसांनी व्हीएमसीच्या ल्युब्रिकेशनच्या टाकीत तेल भरत होतो. 68 नंबरचं स्लाइडवे ऑइल, म्हणजे मशीनच्या सरकत्या भागांना लागणारं. तीन मशीन मिळून महिन्याला 20 लिटरचा एक डबा लागतो. डबा ओतता ओतता मनात आलं, हे जातं कुठं? बारा वर्षं भरतोय. गाडीच्या इंजिनात तेल टाकलं तर ते इंजिनात असतं, काळं झालं की काढतो. इथं काढायला काहीच नसतं. पंप दर काही मिनिटांनी स्लाइडवर थेंब सोडतो, तेल स्लाइडवरनं घसरतं, कूलंटच्या टाकीत पडतं, वर तरंगतं. आणि टाकी नासली की आम्ही नळी लावून सगळं गटारात सोडत होतो. म्हणजे महिन्याचा डबा मी गटारातच ओतत होतो, फक्त मशीनच्या मार्फत. आमच्या गल्लीचं गटार नाल्याला, आणि शहरातला नाला शेवटी पंचगंगेला.

आम्ही मायक्रॉनची माणसं. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. बोअर (कास्टिंगमधलं भोक) 10 मायक्रॉननं मोठा झाला तर कास्टिंग रिजेक्ट, पैसे कापले जातात. म्हणून हिशेब मायक्रॉनमध्येच केला. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात तेव्हा तेलाचा थर साधारण 0.3 ते 5 मायक्रॉन असतो. एक लिटर तेल एक मायक्रॉन जाडीनं पसरलं तर हजार चौरस मीटर होतं. म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. एका लिटरला दहा गुंठे! माझा महिन्याचा डबा पाच एकर. सगळं असं पसरत नाही हे मान्य, काही गाळाला चिकटून तळाला बसतं, काही काठाच्या गवताला लागतं, काही बरीबरोबर (कापताना निघणाऱ्या धातूच्या किसाबरोबर) भंगारात जातं. तरी पाच एकर हा आकडा डोक्यातनं हलेना. आमची वडिलोपार्जित जमीनसुद्धा तेवढी नाही.

पंचगंगा घाटावर भोई समाजातले एक मामा आहेत, त्यांच्याकडनं मी जाळ्याची बरीच अक्कल शिकलो. त्यांना मरळीचं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "आता कळलं व्हय तुला? गिऱ्हाईक आमाला पैला प्रश्न हाच इचारतंय, वरचा का खालचा?" वरचा म्हणजे शहराच्या वरच्या अंगाला धरलेला मासा, खालचा म्हणजे नाले मिळाल्यावरचा. खालच्याला भाव नाही. जाळ्याचं तर बघवत नाही म्हणाले. "पैलं जाळं धुवायला नदीत उतरत हुतो. आता नदीतनं वर आलं की जाळं धुवाय लागतंय, सोडा घालून." त्यांच्या कंडाळीचे, म्हणजे त्या जाळ्याचे, दोरे हाताला लावून बघितले. चिकट, काळे, बोटाला आमच्या शेडसारखाच रंग.

मरळच का, हेही मामांनीच उलगडलं. रहू-कटला पाण्यातच श्वास घेतात. मरळीला मात्र हवा लागते, ती दर थोड्या वेळानं वर येऊन तोंड उघडते. नेमकी जिथं तेलाची साय तिथंच. तिची अंडीसुद्धा तरंगतात, नर-मादी राखण करत बसतात. पावसाळ्यात लाल-नारिंगी पिल्लांची झुंड पाण्याच्या वरच्या थरात फिरते, ज्यानं बघितलीय त्याला विसरायची नाही. मामा म्हणाले की अलीकडं खालच्या अंगाला त्यांनी ती झुंड बघितलेली नाही.

एक गोष्ट मात्र सरळ सांगायला पाहिजे, नाहीतर कुणी म्हणेल हा गडी सगळं तेलावर ढकलतोय. उन्हाळ्याच्या तोंडाला बंधाऱ्यांजवळ मासे पांढरे होऊन तरंगतात, फोटो पेपरात येतात, ते मुख्यत्वे तेलानं मरत नाहीत. मळी आणि मैलापाणी पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात, पाणी कमी असतं, मासे गुदमरतात. तेल तसं पटकन मारत नाही. ते कल्ल्यांना चिकटतं, अंड्यांना लागतं, मांसात वास सोडतं. मेलेला मासा पेपरात येतो, वासाचा मासा फक्त ताटात येतो.

असो. स्किमर.

शेडवर आणला, बसवला, आणि पहिल्याच दिवशी फजिती. कारखानदारानं 300 मिलीमीटर लोंबणाऱ्या पट्ट्याचं मॉडेल दिलं होतं. माझ्या टर्निंग सेंटरची टाकी 310 खोल. कागदावर बसतं. पण बिडाचं काम असलं की टाकीच्या तळाला काळ्या बुऱ्याचा चांगला दोन-तीन बोटं गाळ असतो. पट्ट्याचं खालचं टोक त्या गाळात जाऊन बसलं आणि तेलाऐवजी काळी खीर वर यायला लागली. वायपर दोन दिवसांत झिजला. फोन केला तर म्हणाला, "दादा, तुम्ही बिडाचं काम करता हे सांगितलं नाही." मी म्हटलं, कोल्हापुरात विचारायला नको? शेवटी 200 चं मॉडेल बदलून दिलं, पैसे न घेता. हे त्याच्या बाजूनं लिहितो.

दुसरं, बसवायची जागा. आपल्याकडच्या बऱ्याच मशीनांत टाकी चिप कन्व्हेअरच्या (बर बाहेर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या) खाली सरकवलेली असते, वर हातसुद्धा जात नाही. मला एका टाकीचं झाकण ग्राइंडरनं कापावं लागलं. माहितीपत्रकावरच्या फोटोत टाकी अशी ऐसपैस मोकळी दाखवलीय की वाटतं लग्नाच्या हॉलमध्ये ठेवलीय.

पण चालायला लागल्यावर मात्र! पहिल्या टाकीतनं दोन तासांत साडेचार लिटर तेल निघालं. रंगाच्या रिकाम्या डब्यात धरलं होतं. ऑपरेटर आणि मी दोघं त्या डब्याकडं बघत बसलो. आमच्या टाकीत एवढं होतं? वरनं बघून मी अर्धा लिटर म्हटलो असतो.

वापरायची एक रीत आहे, ती पत्रकात नाही, किंवा असेल तर इंग्रजीत आहे. मशीन चालू असताना कूलंट ढवळत असतं, तेल वर येत नाही. मशीन बंद झाल्यावर दोन-तीन तास जाऊ द्या, तेल वर साय धरतं, मग स्किमर लावा. आणि तासाभरात बंद करा. तेल संपलं की हा गडी थांबत नाही, कूलंटच ओढायला लागतो, सकाळी डब्यात दुधासारखं पांढरं पाणी मिळतं. म्हणून टायमर पाहिजेच. टायमरचे वेगळे 900 घेतले, ते मला पटलं नाही. टायमरशिवाय ही वस्तू विकूच नये. आता रात्री दहाला सुरू, अकराला बंद. तिन्ही मशीनांना आळीपाळीनं लावतो, एकावरनं काढून दुसऱ्यावर टांगायला पाच मिनिटं लागतात.

आठ महिन्यांचा जमाखर्च: पूर्वी दर दोन महिन्यांनी टाकी बदलायचो. जानेवारीनंतर पहिल्यांदा ऑगस्टमध्ये बदलली. एका टाकीत 120 लिटर, त्यात 5 टक्के म्हणजे 6 लिटर कूलंट ऑइल. वर्षाला सहाऐवजी दोनच वेळा बदललं तर तीन मशीनांचं मिळून 72 लिटर ऑइल वाचतं. आमच्याकडं लिटरला 230 पडतं, म्हणजे साडेसोळा हजारांच्या आसपास. स्किमर वर्ष-सव्वा वर्षात फिटतो. सुट्टीनंतरचा वास गेला. ऑपरेटरच्या मनगटावर खाज उठायची, ती कमी झाली. त्यानं तीन वेळा मलम आणलं होतं, मला सांगितलंच नव्हतं. चहा मात्र तो अजून बाहेरच पितो.

महिन्याला डब्यात 12-13 लिटर तेल जमतं. भरतो 20. बाकीचं बरीवर, जॉबवर, पुसायच्या कापडावर. ह्यातली बर ही मोठी भानगड आहे. शेडबाहेर ढीग लावायचो, वळवाचा पहिला पाऊस पडला की ढिगाखालनं रंगीत पाणी गल्लीत, पोरं त्यात उड्या मारणार. त्याला स्किमर काय करणार? जुने पत्रे टाकून आडोसा केला, खाली लोखंडी ट्रे ठेवला. खर्च स्किमरच्या पावपट, आणि खरं सांगायचं तर पावसाळ्यात उपयोग तेवढाच.

आता डब्याचं. इथं कुठल्याच विक्रेत्याचं तोंड उघडत नाही. तेल काढलं, पुढं? पूर्वीपासून गल्लीत एकजण काळं तेल घ्यायला येतो, रोख देतो, नेऊन काय करतो ते विचारायचं नाही. कुठं सेंट्रिंगच्या पाट्यांना लागतं, कुठं जळतं. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल 5.1 नंबरवर बसलंय, ते परवाना असलेल्या रिसायकलरलाच द्यायचं, सोबत फॉर्म 10 ची कागदं करायची, आणि 90 दिवसांपेक्षा जास्त शेडमध्ये ठेवायचं नाही. वाचून मी गार. माझा 210 लिटरचा बॅरल भरायला सव्वा वर्षाहून जास्त लागेल. आणि दोन डब्यांसाठी रिसायकलरची गाडी कोण पाठवणार? दोघांनी फोनवर नुसतं हसून ठेवलं. शेवटी शेजारच्या दोन शेडवाल्यांना गाठलं. तिघांनी एकाच दिवशी गाडी बोलवायची, तेल आपापलं, कागद आपापला. एकजण लगेच तयार झाला. दुसऱ्याला राजी करायला मला दोन वेळा मिसळ चारावी लागली, त्याला रोख देणारा माणूस सोडवत नव्हता. मिळतात ते पैसे रोखीपेक्षा कमीच. पण डबा कुठं गेला हे मला माहीत असतं.

आणि जे हा काढत नाही तेही लिहितो, कारण विकणारा म्हणाला होता, "ह्यानंतर पाणी बिनधास्त सोडा." साफ खोटं. स्किमर तरंगणारं तेल काढतो. पांढरं कूलंट म्हणजे पाण्यात विरघळल्यासारखं मिसळलेलं तेलच आहे, ते पट्ट्याला चिकटत नाही, वर येत नाही, कितीही वेळ टांगून ठेवा. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीसची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे. एका थेंबापेक्षाही कमी. आमच्या कूलंटमध्ये लिटरला 50 मिलीलिटर ऑइल असतं. आता तुम्हीच तुलना करा. ऑगस्टमध्ये काढलेलं 360 लिटर मी दोन बॅरलांत भरून ठेवलं आणि पैसे मोजून प्रक्रियेला पाठवलं. पहिल्यांदाच घाणीसाठी पावती फाडली. पूर्वी वर्षाला सहा वेळा, म्हणजे 2,160 लिटर, नळीनं गटारात जात होतं. ह्या आकड्याखाली माझीच सही आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

2019 च्या महापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीत मेहुण्याच्या घरात पाणी होतं. ओसरल्यावर भिंत धुवायला मी गेलो होतो. पाण्याची रेघ चिखलाची असते असं आपल्याला वाटतं. ती काळी होती, तेलकट, ब्रशनं पसरायची, निघायची नाही. मेहुणा म्हणाला, "दाजी, हे तुमच्या धंद्याचं दिसतंय." तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं.

सर्व्हिसचं: मे महिन्यात पट्ट्याचा जोड सुटला. फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी एक पोरगं मोटारसायकलवर पिशवीत नवा पट्टा घेऊन आलं, वीस मिनिटांत बसवून गेलं, 650 घेतले. तीन दिवस जास्त वाटले पण इथंच बनतंय म्हणून मिळालं, बाहेरच्या मालाला महिना लागला असता. पट्ट्याचा जोड हीच ह्या यंत्राची दुखरी जागा आहे. बुऱ्यानं तो घासतो. पन्हळीची चोचसुद्धा आखूड आहे, थेंब पेटाऱ्यावरनं ओघळून जमिनीवर पडतात. तेल गोळा करायच्या यंत्रानं तेल सांडावं हा विनोद मी कारखानदाराला ऐकवला, त्याला आवडला नाही. मी पत्र्याची चोच वाढवून घेतली, मोजून चाळीस रुपये.

पाचपैकी साडेतीन देतो. अर्धा टायमरचा कापला, अर्धा चोचीचा, अर्धा "बिनधास्त सोडा" ह्या वाक्याचा.

बायकोनं त्यानंतर खालच्या अंगाचा मासा घरात येऊ दिलेला नाही. मी चिखलीच्या बाजूला जातो, पिशवी उघडायच्या आधी "वरचा" म्हणून सांगावं लागतं. परवा मामांना स्किमरचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला आणि विचारलं, "असा एक नदीला टांगता येतोय का रं?"

कुणाला घ्यायचा असेल तर टाकीची खोली मोजून जावा, त्यातनं गाळाची चार बोटं वजा करा, आणि एक पट्टा जादा मागून घ्या, भावात बसवून देतात. बिडाचं काम असेल तर वायपरही दोन.